बिढार, वस्ती आणि तांडा : वऱ्हाडातील वाटसरूच्या निवाऱ्याचा इतिहास

१

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या वाटेवरचे जुने ठिकाण होय. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा सुमारे ४० किलोमीटरचा लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या मोठ्या योजनेचा तो एक टप्पा आहे. आगगाडीने येणारा भाविक चिंतामणीचे दर्शन घेऊन त्याच दिवशी परत फिरू शकतो. परंतु त्यापूर्वी शतकानुशतके या वाटेने जो प्रवासी आला तो पायी, घोड्यावर किंवा बैलगाडीने आला. त्याला वाटेत रात्र गाठत असे, आणि रात्र गाठली की कोठे तरी पाठ टेकणे भाग होते. ती पाठ त्याने कोठे टेकली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कळंब हे एके काळी केवळ वाटेवरचे खेडे नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फज्लने वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये ‘कळम’ या सरकारची गणना केली आहे. हे नगर प्राचीन असल्याचे, येथील म्हशी नामांकित असल्याचे आणि आसपास चांद्याच्या गोंड अधिपतीचे बळ असल्याचे तो नमूद करतो. सरकारचे ठाणे म्हटले की तेथे वसुलाचे अधिकारी, हरकारे, व्यापारी व यात्रेकरू यांची ये-जा ओघानेच आली. तथापि या सर्व माणसांनी रात्र कोठे काढली हे अशा राजकीय ग्रंथांवरून कळत नाही. राजवाडे, किल्ले व देवळे यांचे अवशेष उरतात. वाटसरूची ओसरी, झोपडी व झाडाची सावली मात्र मागे काही ठेवीत नाहीत.

अशा वेळी साक्ष काढावी लागते ती भाषेची. निवारा मोडून पडतो, पण त्याचे नाव बोलण्यात राहते, आणि त्या नावाच्या अर्थात झालेले फेरफार हाच त्या निवाऱ्याचा इतिहास असतो. कळंब या ग्रामनामापासूनच त्याचा आरंभ करता येईल. संस्कृत ‘कदंब’ या वृक्षनामाचे प्राकृतात ‘कलंब’ असे रूप होते, आणि मराठीत त्याच वृक्षाला ‘कळंब’ म्हणतात. वड, पिंपळ, चिंच, उंबर यांप्रमाणे वाटेवरचे झाड खुणेचे ठरते, त्याखाली लोक थांबतात, आणि थांबण्याच्या जागेचे पुढे गाव होते. कळंबच्या बाबतीत असेच घडले असा याचा अर्थ नव्हे. झाडाचे नाव धारण करणाऱ्या शेकडो मराठी गावांच्या मुळाशी सावलीचा हा उपयोग असू शकतो, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

२

वाटसरूच्या निवाऱ्याविषयी मराठीत जी सर्वांत जुनी आणि सर्वांत तपशीलवार माहिती मिळते ती वऱ्हाडातच सिद्ध झालेल्या ग्रंथात मिळते, ही गोष्ट लक्षणीय आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे मूळचे गुजरातेतील. पंथीय परंपरेनुसार रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले आणि अमरावतीजवळच्या रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर ते परत गेलेच नाहीत. त्यानंतरचा दीर्घ काळ त्यांनी एकाकी भ्रमणात घालविला. ‘लीळाचरित्रा’चा ‘एकांक’ हा भाग या काळाचा आहे. पुढे पैठणास बाइसा भेटल्यावर शिष्यपरिवार जमू लागला, परंतु भ्रमण थांबले नाही. अचलपूर, मेहकर, लोणार, वेरूळ, पैठण, डोमेग्राम अशी गावे या चरित्रात पुनःपुन्हा येतात. सुमारे १२७४ मध्ये चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केल्यानंतर म्हाइंभटांनी शिष्यांना गाठून, त्यांच्या आठवणी ताडून पाहून, सुमारे १२७८ मध्ये रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले.

चौदाव्या शतकात मुनिव्यास यांनी सिद्ध केलेली ‘स्थानपोथी’ हे या चरित्राचे भौगोलिक पूरक होय. चक्रधर ज्या ज्या जागी थांबले त्यांची ही यादी आहे, आणि तिचे स्वरूप एखाद्या मोजणीदाराच्या टिपणासारखे आहे. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, दारवठा कोणीकडे, पटिसाळ कशी, तिच्या सोंडीवर स्वामी कोठे बसले, आंगण कोठे, एवढेच नव्हे तर परिश्रयाची म्हणजे देहधर्माची जागा कोणती, हे सारे या पोथीत नोंदलेले आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी ‘स्थानपोथी’ संपादित केली व ‘लीळाचरित्रा’ची त्यांची आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हे साधन सर्व अभ्यासकांना सुलभ झाले आहे. तथापि त्याकडे धर्मेतिहास व भाषेतिहास यांचे साधन म्हणून जितके पाहिले गेले तितके निवाऱ्याच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेलेले नाही.

या ग्रंथांतील निवारा अत्यंत साधा आहे. देवळाची पटिसाळ, ओसाड पडलेला मढ, लेण्यातील खोली, नदीकाठी उभारलेली गुंफा आणि क्वचित एखाद्या गृहस्थाची ओसरी, एवढेच त्याचे प्रकार. येथे ‘गुंफा’ म्हणजे डोंगरातील विवरच असे नव्हे, तर साधकासाठी बांधलेली झोपडीही त्याच नावाने ओळखली जाई. अंथरूण, भांडी व शिधा यांची सोय जेथल्या तेथे करावयाची. चरित्रकारांची परिभाषा मात्र या साधेपणाच्या मानाने फार काटेकोर आहे. दीर्घ मुक्कामास ‘अवस्थान’, एका रात्रीच्या मुक्कामास ‘वसति’ आणि काही वेळ टेकण्यास ‘आसन’ असे तीन भेद ‘स्थानपोथी’ पाळते. झोपणे म्हणजे ‘पहुड’, जागे होणे म्हणजे ‘उपहुड’ आणि मुक्कामाच्या आसपासचे हिंडणे म्हणजे ‘विहरण’. ज्यांचे जीवनच वाटेवर गेले त्या लोकांनी वाटेच्या जीवनाचे हे सूक्ष्म वर्गीकरण केले, यात नवल नाही.

३

या परिभाषेतील एक शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे, तो म्हणजे ‘बिढार’. शिष्य गावात येतात आणि बिढार घेतात किंवा बिढाराकडे परततात, असे उल्लेख ‘लीळाचरित्रा’त येतात. तेथे बिढार म्हणजे तात्पुरती उतरण्याची जागा. आजच्या मराठीतील ‘बिऱ्हाड’ हे त्याच शब्दाचे रूपांतर होय. येथे वर्णविपर्यास झाला आहे, आणि तोही मोठा सुबक आहे. ‘ढ’ मधील महाप्राणत्व आपल्या जागी राहिले, आणि ‘ड’ व ‘र’ यांनी परस्परांच्या जागा घेतल्या.

रूपाबरोबर अर्थही बदलला. बिढार हे रात्रीपुरते किंवा काही दिवसांपुरते असे, बिऱ्हाड मात्र संसाराचे झाले. ‘बिऱ्हाड केले’ म्हणजे चूल मांडली, आणि ‘बिऱ्हाडकरू’ म्हणजे वर्षानुवर्षे भाड्याने राहणारा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीत तेवढी जुन्या अर्थाची सावली शिल्लक आहे, कारण तेथे बिऱ्हाड हालचाल करणारे आहे.

हा शब्द द्राविड भाषांतून आलेला आहे. कन्नडात ‘बिडार’ म्हणजे तात्पुरत्या राहण्याची जागा आणि ‘बीडु’ म्हणजे तळ. दोहोंचा संबंध ‘सोडणे’ हा अर्थ असलेल्या ‘बिडु’ या धातूशी आहे. बैल सोडायचे, ओझे सोडायचे, म्हणजे थांबायचे, असा हा अर्थविस्तार दिसतो. याच धातूच्या परिवारातील तमिळ ‘वीडु’ हा शब्द घर आणि मुक्ती या दोन्ही अर्थांनी रूढ आहे. एकाच धातूतून एकीकडे गृह निघावे आणि दुसरीकडे सर्व गृहांचा त्याग निघावा, हा भाषेतला योग चक्रधरांच्या चरित्राशी फार जवळचा आहे. चक्रधरांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहण्याची आणि कानडी व तेलुगू मुलखांत न जाण्याची आज्ञा केली होती, हे प्रसिद्ध आहे. माणसांच्या पायांना ही मर्यादा लागू पडली. शब्दांना ती लागू पडली नाही, आणि कानडी मुलखाचे नाते सांगणारा शब्द त्या शिष्यांच्याच बोलण्यात मुक्कामाला होता.

‘वसति’ या शब्दाची वाटचालही याच दिशेने झाली आहे. ‘स्थानपोथी’तील एका रात्रीची वसति आजच्या मराठीत ‘वस्ती’ म्हणजे कायमची लोकवस्ती झाली आहे. जुना अर्थ सर्वस्वी गेला मात्र नाही. संध्याकाळी खेड्यात येऊन रात्रभर तेथेच थांबणाऱ्या एस.टी.ला ग्रामीण भागात ‘वस्तीची गाडी’ म्हणतात, आणि त्यात तेराव्या शतकातला अर्थ जसाच्या तसा ऐकू येतो. ‘उतरणे’ हे क्रियापदही असेच वाटेवरचे आहे. वाहनावरून किंवा घोड्यावरून खाली येणे हा मूळ अर्थ, आणि ‘पाहुणे कोठे उतरले आहेत’ या प्रश्नात राहणे हा विस्तारित अर्थ. कळंबच्या चिंतामणीचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे तेथे देवापुढेही उतरूनच जावे लागते.

४

शब्दांच्या या स्थिरावण्याच्या प्रवृत्तीशी चक्रधरांच्या शिकवणुकीचा उघड विरोध आहे. धर्मशास्त्राने संन्याशाला गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री अशी मर्यादा घातली होती आणि केवळ पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहण्याची मुभा दिली होती. महानुभावांच्या ‘सूत्रपाठा’तील आचारविषयक उपदेश त्याहूनही कडक आहे. अनोळखी मुलखाच्या कडेला, झाडाखाली आयुष्य घालवावे, गावाशी व माणसांशी संबंध वाढू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. निवाऱ्याचा साधेपणा हा येथे नाइलाज नसून नियम आहे. जागा बरी वाटू लागली की ती सोडावयाची, कारण बरी वाटणे हीच बंधनाची सुरुवात होय.

परंतु गुरू निघून गेल्यावर शिष्यांनी नेमके उलट केले. स्वामी जेथे बसले, झोपले, जेवले ती प्रत्येक जागा त्यांनी शोधून काढली, मोजली, नोंदली आणि वंद्य मानली. अशा स्थानांवर पुढे ओटे बांधले गेले आणि त्यांचे दर्शन घेत फिरणे हा पंथाच्या आचाराचा भाग झाला. ज्याने कोणत्याही जागेत गुंतू नये असे सांगितले त्याच्याच जागांची ही काळजीपूर्वक यादी आहे. यात विसंगती आहे, पण अवज्ञा नाही. गुरूचा विरह ज्यांना सोसावा लागला त्यांच्यापाशी त्याच्या पाऊलखुणांखेरीज दुसरे काय उरले होते? शिवाय या आसक्तीमुळेही त्यांचे पाय थांबले नाहीत. एका स्थानाहून दुसऱ्या स्थानाकडे जाण्यासाठी त्यांना वाटेवरच राहावे लागले.

या भ्रमंतीत स्त्रियाही होत्या, ही बाब विसरून चालणार नाही. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा ही नावे ‘लीळाचरित्रा’च्या वाचकास परिचित आहेत. तेराव्या शतकातील विधवेला किंवा एकट्या स्त्रीला घराबाहेर सन्मानाने राहता येईल अशा जागा फार थोड्या होत्या. देवळाच्या पटिसाळेवर गुरुबंधूंसमवेत काढलेली रात्र ही तिच्या दृष्टीने गैरसोय होतीच, पण त्याबरोबर ती एक मोकळीकही होती. महदाइसेने ‘धवळे’ रचले. मराठीची ही आद्य कवयित्री बिढारातून बिढाराकडे जाणाऱ्या मंडळींपैकी होती.

५

यादवांचे राज्य गेल्यावर निवाऱ्याच्या शब्दसंग्रहात दुसरा थर आला. ‘मुक्काम’ आणि ‘मुसाफिर’ हे अरबी मुळाचे, ‘सराई’ फारसी, आणि ‘मुसाफिरखाना’ दोहोंच्या मिश्रणाचा. ‘धर्मशाळा’ हा संस्कृत शब्द त्यांच्या जोडीने चालत राहिला. इंग्रजी अंमलात ‘डाकबंगला’ आला, आणि १८६७ च्या सराईविषयक कायद्याने सराया नोंदणीखाली आणल्या. येथवर पाहता हा केवळ सोयींच्या वाढीचा इतिहास वाटेल. परंतु वाटसरूचा प्रश्न जागा आहे की नाही एवढ्यापुरता कधीच नव्हता. त्या जागेत त्याला घेतात की नाही, हा त्याचा दुसरा आणि अधिक कठीण भाग होता.

रिद्धपूरचे गोविंदप्रभू महार-मातंगांच्या वस्तीत जात असत, आणि गावकऱ्यांना ते खपत नसे, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. सहा शतकांनंतरही स्थिती पालटली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन करून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना उतरण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ती जवळजवळ ओस होती आणि तेथे दुसरा प्रवासीही नव्हता. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि शहरात दुसरा आसरा न मिळाल्याने त्यांना बडोदे सोडावे लागले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा जो ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला, त्यात सार्वजनिक पाणवठे व विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख आहे. त्यामागे अशाच असंख्य नाकारलेल्या रात्री होत्या.

याच काळात वऱ्हाडातील दुसरा एक भ्रमणशील पुरुष धर्मशाळा बांधीत होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज १९०५ मध्ये घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे, एवढाच त्यांचा सरंजाम. मिळेल तेथे झोपावे, गाव झाडावे आणि पुढे चालू लागावे, हा त्यांचा क्रम. चक्रधरांच्या शिष्यांना सांगितलेला आचार विसाव्या शतकात कोणी पाळला असेल तर तो पंथाबाहेरच्या या माणसाने. मात्र त्यांनी त्यात एक भर घातली. स्वतः उघड्यावर राहून त्यांनी इतरांसाठी छप्पर उभारले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना अन्यत्र थारा नव्हता त्यांच्यासाठीच होती. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावनजीक प्रवासातच त्यांचा अंत झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ मध्ये, अस्पृश्यतेसंबंधीच्या गुन्ह्यांचा कायदा झाला होता. त्यात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना हे तीन शब्द एकापुढे एक आलेले आहेत. संस्कृत, फारसी व अरबी अशा तीन परंपरांची दारे बंद करण्याचा अधिकार त्या एका वाक्याने काढून घेतला.

६

यवतमाळ जिल्ह्यापुरता आणखी एक शब्द पाहणे आवश्यक आहे. ‘तांडा’ म्हणजे मुळात वाटेवरचा काफिला. बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत. तांडा हे त्यांच्या चालत्या समूहाचे नाव होते. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते व लोहमार्ग झाले, तशी बैलांवरील वाहतूक मोडली आणि तांडे जागच्या जागी बसले. आज जिल्ह्यात तांडा हे स्थिर गावाचे नाव आहे. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुली येथील बंजारा कुटुंबात जन्मले होते.

सर्वच भटक्यांना इतक्या सहजपणे बसता आले असे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची व्याप्ती १९११ मध्ये वाढविण्यात आली आणि तो १९५२ मध्ये रद्द झाला. या कायद्याने काही जमातींचे भ्रमणच संशयास्पद ठरविले. कोठे थांबायचे याची त्यांना वर्दी द्यावी लागे. साधूचे न थांबणे पूज्य आणि पारध्याचे न थांबणे दंडनीय, असा हा भेद होता. फासेपारध्यांच्या वस्तीला विदर्भात ‘बेडा’ म्हणतात. कायदा रद्द झाल्यानंतरही बेड्याखालची जमीन कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न अनेक ठिकाणी बेड्यावरील माणसांपुढे राहिला.

बिढाराचे बिऱ्हाड झाले, वसतीची वस्ती झाली, तांड्याचे गाव झाले. मराठीत निवाऱ्याचा शब्द फार काळ वाटेवर राहत नाही, तो घर करतो. यावरून समाजाचा कल स्थिर होण्याकडे आहे हे दिसतेच, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आज ज्यांना आपण गाव, वस्ती, बिऱ्हाड म्हणतो त्या शब्दांपैकी कित्येकांचा आरंभ कोणा वाटसरूला एक रात्र राहू देण्यात झाला आहे. ज्यांना ती रात्र मिळाली त्यांची घरे झाली, आणि ज्यांना ती नाकारली गेली त्यांना ठराव व कायदे करून घ्यावे लागले. कळंबच्या नव्या स्थानकावर उतरणारा प्रवासी संध्याकाळी परत जाईल आणि त्याला बिढार शोधावे लागणार नाही. जिल्ह्याच्या आडगावात मात्र वस्तीची गाडी अजून रात्री थांबते, आणि चालक-वाहक कोणाच्या तरी ओसरीवर किंवा गाडीतच पहुडतात.